अन्न टिकवण्यासाठी रेडिएशन: या विषयात रिसर्च करिअर कसं करायचं

एमएससी मायक्रो, बायोकेम, फूड टेक करणारी बरीच मुलं विचारतात की रेडिएशनने अन्न टिकवतात त्या विषयात रिसर्च करायचा असेल तर सुरुवात कुठून करायची, न्यूक्लियर फिजिक्स लागतं का, बीएआरसीशिवाय (मुंबईचं भाभा अणुसंशोधन केंद्र) दुसरं काही आहे का, आणि आयुष्यभर पुरेल एवढं काम त्यात उरलंय का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, काम भरपूर उरलंय, आणि त्यातलं बरंचसं मालाच्या बाजूला आहे. गॅमा किरण पेशीला काय करतात हे कित्येक दशकांपासून माहितीये, पण तुमचा कांदा, तुमचा हापूस, तुमची हळद डोस दिल्यावर पुढचे महिने चाळीत किंवा कंटेनरमध्ये कशी वागते हे जातीप्रमाणे, हंगामाप्रमाणे, काढणी कशी झाली त्याप्रमाणे परत परत बघावं लागतं. म्हणून माझा सगळ्यात मोठा सल्ला आत्ताच सांगून टाकतो: आधी एक माल पकडा, तो नीट ओळखा, मग डोसकडे या. उलट्या क्रमाने गेलेले लोक पेपर छापतात पण त्यांचं काम बाजारसमितीच्या गेटच्या आत पोचत नाही.

थोडं बेसिक बघून घेऊ, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. डोस मोजायचं एकक ग्रे, १ ग्रे म्हणजे १ किलो मालात १ ज्यूल ऊर्जा शोषली गेली. १००० ग्रे म्हणजे १ किलोग्रे. आपल्याकडे किरणांचा सोर्स बहुतेक कोबाल्ट-६० म्हणजे किरणोत्सारी कोबाल्ट, त्याचं अर्धायुष्य ५.२७ वर्षं (तेवढ्यात तो निम्मा उरतो), गॅमाची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही (किरणांच्या ऊर्जेचं एकक), आणि एवढ्या ऊर्जेने अन्नातल्या अणूंचं केंद्रक बदलत नाही म्हणून माल किरणोत्सारी होत नाही. सोर्स स्टीलच्या नळ्यांमध्ये सीलबंद असतो, मालाला तो शिवत पण नाही. आणि १० किलोग्रे हा तसा मोठा डोस, पण तेवढा दिला तरी पाण्याचं तापमान जेमतेम अडीच अंशांनी वाढेल, त्यामुळे मसाल्याचा वास उडत नाही, फळ शिजत नाही.

आता डोसच्या रेंज. भारतात २०१२ च्या अणुऊर्जा नियमांत मालाचे वर्ग पाडलेत: कांदा-बटाट्याचे कोंब थांबवायला ०.०२ ते ०.२ किलोग्रे, धान्य-डाळीतली कीड मारायला ०.२५ ते १, आणि मसाल्यातले जंतू कमी करायला ६ ते १४. म्हणजे कांद्याला लागतो त्याच्या शंभरपट डोस मिरची पावडरला लागू शकतो. ही तफावत डोक्यात पक्की बसवा, कारण कोणी 'इरॅडिएटेड फूड', म्हणजे रेडिएशन दिलेलं अन्न, असं सरसकट बोलायला लागलं की तुमचा पहिला प्रश्न हाच हवा, कुठला माल आणि किती डोस?

कांद्यावर जरा थांबतो, कारण हा विषय महाराष्ट्रात शिकायचा तर कांद्याइतका चांगला मास्तर नाही. लासलगावचं 'कृषक' हे बीएआरसीने उभारलेलं केंद्र २००२ मध्ये सुरू झालं ते कांद्याचे कोंब थांबवण्यासाठीच. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो, शेतात पातीसकट सुकतो, पात कापून सावलीत परत सुकवतात, मग चाळीत जातो आणि तिथे दिवाळीपर्यंत भाव येण्याची वाट बघतो. काढणीनंतर काही आठवडे कांदा झोपलेला असतो, आतला कोंबाचा डोळा हालचाल करत नाही. याच काळात ६० ते ९० ग्रे दिला की त्या डोळ्यातल्या पेशी विभागायची ताकद गमावतात आणि कोंब येतच नाही. हेच जर उशिरा केलं, कांदा जागा झाल्यावर, आत कोंब थोडा वर सरकल्यावर, तर कोंब थांबतो खरा पण जिथे थांबला तिथेच मरतो. तो कांदा दोन-तीन महिन्यांनी उभा चिरून बघा, बुडाच्या वर मधोमध तपकिरी ठिपका किंवा काडीसारखी रेघ दिसते. बाहेरून कांदा टणक, साल चकचकीत, वजन बरोबर, आणि आत हे. गिऱ्हाईक म्हणणार कांदा खराब आहे, व्यापारी म्हणणार मशीनने खराब केला, आणि खरं कारण असतं की काढणी आणि डोस यामध्ये फार दिवस गेले. म्हणून कांद्यावर काम करणाऱ्याने वहीत डोसच्या आधी काढणीची तारीख लिहायची, आणि ती तारीख शेतकऱ्याला स्वतः विचारून घ्यायची, मार्केटमधून उचललेल्या गोणीवर ती नसते.

दुसरी गोष्ट, ६०-९० ग्रेने कोंब थांबतो, सड थांबत नाही. काजळी, मानकूज, जिवाणूंची सड यांना मारायला लागणारा डोस कांद्याला सहन होत नाही. आणि सुकून होणारी घटही हवेच्या आर्द्रतेवर आणि चाळीच्या वाऱ्यावर ठरते. कोंब येणारा कांदा आतलं पाणी आणि साखर भराभर खर्च करतो, ती घट वाचते, बाकीची तशीच राहते. साठवणीत कांद्याचं पंचवीस ते चाळीस टक्के नुकसान होतं असे आकडे सगळीकडे फिरतात, त्यातलं कोंबामुळे किती, सडीमुळे किती, घटीमुळे किती हे वेगळं काढल्याशिवाय रेडिएशनने काय वाचवलं हे सांगताच येत नाही. तुमच्या प्रयोगात हे तीन रकाने पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा. मला विचाराल तर नव्या मुलासाठी याहून चांगला प्रोजेक्ट नाही: एकच जात घ्या, समजा एन-२-४-१ किंवा भीमा शक्ती, काढणीनंतरचे वेगवेगळे दिवस, दोन-तीन डोस, साधी चाळ विरुद्ध शीतगृह, आणि दर पंधरा दिवसांनी हे तीन रकाने. यंत्र महाग लागत नाही, वजनकाटा, सुरी आणि चिकाटी लागते. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, जाती आणि साठवणूक यातलं सगळ्यात चांगलं ज्ञान तिथे, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठात पण कांद्यावर जुनं काम आहे, तिथल्या लोकांशी ओळख करून घ्या.

आंब्याचं गणित एकदम वेगळं. २००७ मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडलं आणि लासलगावचं केंद्र त्यासाठी मान्यता मिळालेलं अमेरिकेबाहेरचं पहिलं कोबाल्ट-६० केंद्र ठरलं, म्हणजे कांद्यासाठी बांधलं आणि नाव आंब्याने झालं. इथे फळ टिकवणं हा मुख्य हेतू नाही, फळमाशी आणि कोयीतला भुंगा अमेरिकेत जाऊ नये हा आहे. डोस कमीत कमी ४०० ग्रे, आणि ताज्या फळांना अमेरिकेतली वरची मर्यादा १००० ग्रे. वाचायला सोपं वाटतं ना, आता प्रत्यक्ष बघा. खोक्यांची चळत सोर्ससमोरून फिरते, बाहेरच्या बाजूच्या आंब्याला जास्त डोस बसतो, मधल्याला कमी, कारण पुढचे आंबे किरण अडवतात. सगळ्यात कमी डोस मिळालेल्या आंब्याला पण ४०० हवेतच आणि सगळ्यात जास्तवाल्याने १००० ओलांडायचे नाहीत, म्हणजे जास्तीत जास्त आणि कमीत कमी डोसचं गुणोत्तर अडीचच्या आत हवं. त्यासाठी डोस मॅपिंग करतात, खोक्याच्या कोपऱ्यांत, मध्यावर, तळाला, झाकणाखाली डोसिमीटर (डोस मोजायची छोटी साधनं) ठेवून चळत फिरवायची, मग एकेक काढून वाचायचा आणि नकाशा बनवायचा. खोक्याचा पुठ्ठा बदलला, एका खोक्यातले आंबे वाढले, रचना बदलली की नकाशा परत. यात अजून एक बारकावा आहे: ४०० ग्रेने अळी लगेच मरेलच असं नाही, ती वांझ होते, तिचं पुढचं पिल्लावळ चक्र बंद होतं. म्हणजे तिकडच्या इन्स्पेक्टरला आंब्यात जिवंत अळी दिसू शकते आणि तरी माल नियमात बसतो. तो भरवसा कशावर ठेवतो? फक्त डोसच्या नोंदीवर. म्हणून डोसिमेट्री, म्हणजे डोस मोजणं, हे फिजिक्सवाल्यांचं काम, आपण जीवशास्त्रवाले, असं म्हणून अंग काढू नका, या क्षेत्रात तुमच्या शब्दाची किंमत त्या नोंदीवर ठरते.

तर डोसिमेट्री शिकायची कशी. फ्रिक डोसिमीटरने सुरू करा, फेरस सल्फेटचं आम्लातलं द्रावण, किरण पडले की फेरसचं फेरिक होतं आणि स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ३०४ नॅनोमीटरच्या आसपास वाचता येतं. साधारण ४० ते ४०० ग्रेपर्यंत चालतं, म्हणजे कांद्याला एकदम योग्य. काचेची भांडी अतिशय स्वच्छ लागतात, सेंद्रिय पदार्थाचा अंश राहिला तरी वाचन फुगतं. मसाल्यासारख्या किलोग्रेच्या कामाला सेरिक-सेरस किंवा अॅलनिनचे डोसिमीटर. आणि कोबाल्ट दर महिन्याला साधारण १ टक्क्याने उतरतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा डोस रेट (ठराविक वेळात किती डोस बसतो तो) यंदा वापरायचा नाही, प्रत्येक प्रयोगाच्या तारखेला नवा काढायचा. पेपरमध्ये नुसतं '१ किलोग्रे दिला' असं असतं, डोस रेट नाही, तापमान नाही, कमाल-किमान नाही, असे पेपर वाचताना सावध राहा आणि स्वतः तसे लिहू नका. जुने पेपर वाचताना एकक पण बघा, तेव्हा रॅडमध्ये लिहायचे, १ ग्रे म्हणजे १०० रॅड, कांद्याचे ६ ते ९ किलोरॅड म्हणजे आपले ६० ते ९० ग्रे.

आता शिरायचे रस्ते. सगळ्यात माहितीचा रस्ता बीएआरसीचा, तिथला फूड टेक्नॉलॉजी विभाग या कामाचं देशातलं मूळ घर, ट्रॉम्बेला १९६७ पासून अन्नावरच्या इरॅडिएशनची प्रयोगशाळा आहे. एमएससीनंतर ट्रेनिंग स्कूलची ओसीईएस परीक्षा द्यायची, लेखी किंवा गेटचा स्कोअर, मग इंटरव्ह्यू, एक वर्षाचं प्रशिक्षण आणि मग सायंटिफिक ऑफिसर. फक्त यातून विभाग तुमच्या पसंतीचाच मिळेल अशी खात्री धरू नका, इंटरव्ह्यूत आवड स्पष्ट सांगा. दुसरा रस्ता नेट वगैरे काढून जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप), आणि होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूटमधून पीएचडी. तिसरा, आणि माझ्या मते खेड्यापाड्यातल्या कॉलेजमधल्या मुलांनी जास्त वापरायला हवा असा, आपल्याच विद्यापीठात पीएचडीला राहून रेडिएशन दुसरीकडे करून घ्यायचं. अणुऊर्जा विभागाच्या बीआरएनएस या निधी देणाऱ्या मंडळाचे प्रोजेक्ट असतात, यूजीसी-डीएई (यूजीसी आणि अणुऊर्जा विभाग) संशोधन संघाची केंद्रं आहेत. माटुंग्याची आयसीटी (रसायन तंत्रज्ञान संस्था), परभणीचं फूड टेक कॉलेज, दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, म्हैसूरचं सीएफटीआरआय (केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था), यातल्या कुठल्याही ठिकाणी बसून तुम्ही हे काम करू शकता. स्वतःचा सोर्स लागत नाही! एखाद्या संस्थेतल्या गॅमा चेंबरमध्ये, त्याची आतली जागा पाचेक लिटरची असते, छोटे नमुने होतात, आणि मोठे लॉट वाशी किंवा लासलगावच्या प्लांटवर रीतसर बोलून. वाशीचा मसाल्याचा प्लांट ब्रिटचा (अणुऊर्जा विभागाचं रेडिएशन आणि आयसोटोप तंत्रज्ञान मंडळ) आहे, २००० सालापासून चालू. फक्त छोट्या चेंबरमधला निकाल आणि प्लांटमधला निकाल सारखा येईल असं गृहीत धरू नका, वर खोक्याचं सांगितलं ते आठवा.

सुरक्षेचं थोडक्यात, कारण नियम स्पष्ट आहेत. जिथे सोर्स तिथे एईआरबीची (अणुऊर्जा नियामक मंडळ) परवानगी, रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, आणि अंगावर टीएलडी बॅज, म्हणजे तुम्हाला किती रेडिएशन बसलं ते मोजणारा बिल्ला. काम करणाऱ्यासाठी मर्यादा ५ वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (माणसाला बसणाऱ्या रेडिएशनचं एकक) आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. मोठ्या प्लांटमध्ये सोर्स वापरात नसताना खोल पाण्याच्या टाकीत असतो आणि दारं इंटरलॉकवर असतात, म्हणजे सोर्स वर असताना दार उघडतच नाही. इंटरलॉक हे प्रकरण कोणाच्याही घाईसाठी बायपास करायचं नाही, डेडलाइन असो की साहेब असो. घरच्यांना भीती वाटते, विशेषतः मुलींच्या घरी, त्यांना एकदा प्लांट बघायला न्या, प्लांटची परवानगी काढून, नुसत्या सांगण्याने जात नाही ती भीती.

मायक्रोबायोलॉजीवाल्यांसाठी वेगळं. तुमचं रोजचं नाणं म्हणजे डी-टेन, ज्या डोसला जंतूंची संख्या दहापट कमी होते तो डोस. साल्मोनेला अर्ध्या किलोग्रेच्या आसपास, ई कोलाय त्याहून कमी, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू मात्र ३ किलोग्रेच्या वर, आणि विषाणू तर अजून चिवट. माल गोठवलेला आहे की ओला, कोरडा आहे की तेलकट, त्यावर हाच आकडा हलतो, त्यामुळे पुस्तकातला डी-टेन उचलून आपल्या पदार्थाला लावायचा नाही, त्याच पदार्थात मोजायचा. १९५६ मध्ये अमेरिकेत ओरेगॉनला रेडिएशन दिलेला मांसाचा डबा तरीही खराब झाला म्हणून तपासला, तेव्हा त्यात डायनोकॉकस रेडिओड्युरन्स सापडला, आजही डीएनए दुरुस्ती शिकायची तर तोच जंतू घेतात, म्हणजे एका खराब डब्यामुळे संशोधनाची अख्खी शाखा उभी राहिली. नासलेला नमुना फेकू नका, आधी त्यात काय वाढलंय ते बघा. आणि एक गोष्ट जी तुम्ही प्रत्येक शेतकरी गटाला, प्रत्येक उद्योजकाला सांगायलाच हवी: बुरशी मेली तरी तिने आधी सोडलेलं अफ्लाटॉक्सिन हे विष जात नाही. मिरची अंगणात ओली राहिली, बुरशी आली, मग रेडिएशन देऊन प्लेट काउंट (जिवंत जंतूंची मोजणी) शून्य आणला तर रिपोर्ट छान दिसेल आणि माल विषारीच राहील. जो खराब माल 'वाचवून द्या' म्हणून आणेल त्याला नाही म्हणायची हिंमत ठेवा, या क्षेत्राचं नाव त्यावर टिकून आहे.

स्टॅटिस्टिक्स गंभीरपणे शिका, आणि का ते एका जुन्या प्रकरणावरून सांगतो. १९७५ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी असं मांडलं की कुपोषित मुलांना नुकत्याच रेडिएशन दिलेल्या गव्हाचं अन्न दिलं तर रक्तातल्या पेशींमध्ये गुणसूत्रांचे जादा संच दिसतात. गट छोटे होते, प्रत्येकी ५ मुलं. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांना त्यांच्या प्रयोगांत तसं काही दिसलं नाही, वाद पेटला, आणि सरकारने दोघांना सगळा डेटा तपासायला सांगितला, पी. सी. केशवन आणि पां. वा. सुखात्मे. सुखात्मे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, जगाच्या अन्न आणि शेती संघटनेत (एफएओ) संख्याशास्त्राचं काम वर्षानुवर्षं सांभाळलेले. १९७६ च्या अहवालात निष्कर्ष आला की त्या आकड्यांवरून तो दावा सिद्ध होत नाही. पुढे १९८० मध्ये एफएओ, आयएईए (आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था) आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने सरासरी १० किलोग्रेपर्यंत डोस दिलेल्या कुठल्याही अन्नात विषारीपणाचा धोका नाही असं म्हटलं. पण तो गहू आजही विरोधकांच्या प्रत्येक पत्रकात असतो. दोन्ही बाजूंचे मूळ पेपर स्वतः वाचा, मग कोणी सभेत उठून विचारलं तर आवाज न चढवता उत्तर देता येईल. मुलांचा आहार हा विषय होता, ज्यांनी शंका घेतली त्यांनी घ्यायलाच हवी होती, फक्त नमुना पुरेसा हवा होता. तसंच जिथे खरंच नुकसान होतं ते लपवू नका: थायमिन म्हणजे बी-वन रेडिएशनला नाजूक आहे, चरबीवाल्या मांसाला नको तो वास येतो, दुधाची चव बिघडते. हे आपणहून सांगितलं की लोक बाकीचं ऐकतात.

पुढच्या २०-२५ वर्षांचा विचार करायचा तर दोन दिशा मला खऱ्या वाटतात. एक इलेक्ट्रॉन बीम, खारघरला बीएआरसीचं केंद्र आहे, तिथे १० एमईव्हीचा अॅक्सिलरेटर आहे, बटण बंद केलं की किरण बंद, कोबाल्टची वाहतूक नाही. अडचण अशी की हा बीम मालात खोल जात नाही, दोन्ही बाजूंनी मारला तरी पाण्याइतक्या घनतेच्या मालात ८-९ सेंटीमीटर, म्हणजे कांद्याची गोणी नाही जमणार, पातळ थरात पसरलेली हळद, डाळ, रवा जमेल. मग माल कसा पसरायचा, कन्व्हेअर कसा हवा, हे अभियांत्रिकीचं आणि फूड टेकचं मिळून काम आहे आणि माणसं कमी आहेत. दुसरी दिशा, माल इरॅडिएट केलाय की नाही हे ओळखणं. युरोपमध्ये सगळ्या देशांत चालेल अशी परवानगी फक्त सुके मसाले आणि सुक्या सुगंधी वनस्पतींना आहे आणि लेबल सक्तीचं, त्यामुळे निर्यातीचा माल तिथे तपासला जातो, मसाल्याला चिकटलेल्या मातीच्या कणांवरून थर्मोल्युमिनेसन्सने (कण तापवल्यावर निघणारा उजेड मोजून), हाडांवरून ईएसआर नावाच्या चाचणीने. कमी डोसचा कांदा ओळखणं फार अवघड आहे, तिथे कोणी पक्की आणि स्वस्त पद्धत काढली तर मोठं काम होईल.

वेळेचं गणित मात्र आत्ताच बसवा. कांद्यावर काम करायचं तर उन्हाळ कांदा मार्चपासून निघतो, त्यामुळे गाइडशी बोलणं, प्लांटची परवानगी, गॅमा चेंबरची स्लॉट, दोन शेतकऱ्यांशी लॉट ठरवणं हे सगळं डिसेंबर-जानेवारीत उरकलेलं पाहिजे, फेब्रुवारीत रिकाम्या खोक्यांवर आणि मागच्या कांद्यावर डोस मॅपिंगचा सराव. हापूसवाल्यांनी तर अजून आधी, कारण एप्रिल-मेमध्ये निर्यातीची गर्दी असते आणि तेव्हा प्लांटवर विद्यार्थ्याच्या चार खोक्यांना जागा मागणं बरोबर पण नाही आणि मिळत पण नाही. हंगाम चुकला तर अख्खं वर्ष जातं, आणि जेआरएफची वर्षं मोजकीच असतात. ईमेल लिहाल तेव्हा 'मला इरॅडिएशनमध्ये इंटरेस्ट आहे' एवढंच लिहू नका, कुठला माल, कुठली जात, किती किलो, अंदाजे कुठल्या आठवड्यात, किती डोस, आणि नंतर साठवणार कुठे, हे सहा मुद्दे लिहा, उत्तर येण्याची शक्यता खूप वाढते.